गाडीचा ताप

'ताप' हा शब्द आपल्या मराठीत मोठा कामाचा आहे. अंगात भरतो तो ताप, वैशाखातल्या उन्हाचा तो ताप, आणि घरात कुणी ऐकेनासं झालं की 'डोक्याला ताप' आहेच. ज्याच्या दारात पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी आहे त्याला हे तिन्ही अर्थ एकाच दुपारी कळू शकतात. मे महिना, घाटाचा चढ, मागे मुलंबाळं आणि समोर लाल रेघेकडे सरकणारा काटा!

या वेळचा विषय बघून माझे जुने विद्यार्थी हसतील. "सर, तुम्ही मराठी आणि इतिहास शिकवलात. रेडिएटरशी तुमचा काय संबंध?" खरं आहे. मी बी.ए., तोही मराठी माध्यमाचा. पण इतिहासाच्या तासाला आयुष्यभर एकच गोष्ट घोकून घेतली, ती म्हणजे घटना वेगळी आणि तिचं कारण वेगळं. 'दोष कोणाचा' हे ठरवण्याआधी 'काय घडलं, केव्हा घडलं, त्याआधी काय घडलं होतं' हे विचारायचं असतं. गाडीच्या बाबतीत नेमकं हेच कुणी विचारत नाही, अशी माझी तक्रार आहे. आजचं लिखाण त्यासाठीच.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. गाडी तापणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. डॉक्टर ताप बघून थेट ऑपरेशन टेबलवर घेत नाहीत. आधी विचारतात, कधीपासून येतो, संध्याकाळी येतो का, थंडी वाजते का. गाडीला मात्र आपण सरळ 'हा पार्ट बदलून बघू, नाहीतर तो बदलू' अशा रांगेत उभं करतो. जुनी गाडी असली की तिच्या मालकाची ऐपतही बहुधा बेताचीच असते. त्यामुळे हा 'बदलून बघू'चा खेळ चैनीचा नाही, घरखर्चातून चाललेला असतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरचं उदाहरण घ्या. भावोजी गेले, गाडी राहिली. तिच्या मनात ती विकायची नाही, आणि भाच्याला तिची गरजही आहे, कारण बहिणीला दर दोन महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीसाठी कसारा घाट उतरून मुंबईला न्यावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. पहिल्या मिस्त्रीनं रेडिएटर नवा बसवला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून फेकून दिला, "आपल्याकडे कशाला लागतो हा?" असं म्हणून. आता गाडी तापायला जरा जास्त वेळ घेऊ लागली, पण तापायची ती तापायचीच. तिसऱ्यानं निकाल दिला की हेड गॅस्केट गेली, हेड खोलावं लागेल, आणि एवढा खर्च या गाडीवर करण्यापेक्षा भंगारात दिलेली बरी. त्या रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, आईला कसं सांगू?"

मी त्याला एकच विचारलं. "गाडी तापते केव्हा?" तो म्हणाला, "नेहमीच." मी म्हटलं, "नेहमीच हे उत्तर मी दहावीच्या मुलाकडूनही घेत नसे. चार दिवस वहीत लिहून काढ." चार दिवसांनी वहीतून निघालं ते असं : हमरस्त्यावर सत्तरच्या वेगानं तासभर गेलं तरी काटा जागचा हलत नाही. बाजारपेठेत अडकलं, टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं, की दहा मिनिटांत वर चढतो. पुन्हा मोकळा रस्ता लागला की खाली येतो.

आता या तीन ओळींत निदान जवळजवळ झालेलंच आहे. ते कसं, हे कळायला इंजिन थंड कसं राहतं ते थोडं पाहू. फार खोलात जात नाही.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला ढोबळमानानं तिसरा हिस्सा, जुन्या इंजिनात त्याहूनही कमी, चाकं फिरवायच्या कामी येतो. बाकीची धुराच्या नळीवाटे आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला वायू दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जातो, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचं इंजिनाचं हेड असतं ते ६६० अंशांना वितळतं. म्हणजे गाडी रोज वितळत नाही ती केवळ तिच्या अंगात सतत खेळत असलेल्या चार-सहा लिटर पाण्याच्या कृपेनं. पंप हे पाणी इंजिनातून फिरवतो, गरम झालेलं पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, तिथे वारा लागून निवतं आणि खालच्या पाइपानं परत येतं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान असतो. त्याच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान (गाडीनुसार आकडा वेगळा, तो त्याच्यावर कोरलेला असतो) मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. इंजिन गार असेपर्यंत दार बंद, म्हणजे ते लवकर तापावं. तापलं की दार उघडं.

आणि वारा? गाडी पळत असते तेव्हा तो फुकट मिळतो. उभी असते तेव्हा पंख्यानं आणावा लागतो. भाच्याच्या गाडीला पळताना त्रास नाही, उभी असताना आहे. म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर मोकळा आहे, कमी पडतोय तो वारा. पंखा बघा!

गावात मोटारींचं वायरिंग करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे भाचा गेला. त्यांनी गाडी जागेवर चालू ठेवली आणि काटा अर्ध्याच्या वर जाईपर्यंत नुसते कान देऊन उभे राहिले. पंख्याचा आवाज आलाच नाही. इंजिन बंद करून त्यांनी रेडिएटरवरच्या तापमानाच्या स्विचची पिन काढली, तिच्या दोन्ही वायरी एका तारेनं जोडल्या आणि चावी फिरवली. पंखा गरगर फिरायला लागला. म्हणजे पंख्याची मोटर ठीक, फ्यूज ठीक, बिघडला तो स्विच. नवा रेडिएटर बसवताना जुन्यावरचा स्विच काढून इमानेइतबारे नव्यावर लावलेला होता! नवा स्विच आणि नवा थर्मोस्टॅट मिळून जो खर्च आला तो आधीच्या खर्चाच्या मानानं चहापाण्याचा म्हणावा इतका. गाडी आजही मुंबईला जाते-येते.

ही गोष्ट मिस्त्री लोकांची निंदा करायला सांगितली नाही. दिवसाला दहा गाड्या बघणारा माणूस चार दिवस वही लिहीत बसू शकत नाही. ते काम गाडीवाल्याचं. रोग्यानं नीट सांगितलं नाही तर वैद्य तरी काय करील? म्हणून माझं मत असं की निदानाचा अर्धा भाग मालकाच्या निरीक्षणाचा असतो आणि आपण तो आळसानं सोडून देतो. निरीक्षणासाठी पान्हा-स्क्रूड्रायव्हर लागत नाही, डोळे, कान आणि नाक पुरतात.

आता 'केव्हा'ची आणखी उत्तरं पाहू.

उलट प्रकार असेल, म्हणजे गावात गाडी ठीक आणि घाटात किंवा वेगात तापते, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही असा अर्थ. तिथे संशय रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्याचा, पंपाची पाती झिजल्याचा, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीनं चपटा होत असल्याचा. रेडिएटर बाहेरूनही बघावा. जाळीत किडे, चिखल आणि कापसासारखी धूळ गच्च बसलेली असते. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, त्या दोन जाळ्यांच्या मधली घाण बाहेरून दिसतच नाही. दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार दिवाळीपर्यंत वाळत ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. देवाला आणि गाडीला दोघांनाही वारा लागतो.

गाडी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा भसकन वर जात असेल तर पाणी कमी आहे, किंवा थर्मोस्टॅटचं दार बंदच राहिलंय. इंजिन तापलं तरी रेडिएटरकडचा पाइप गारच, हे दुसऱ्याचं लक्षण. (पाइपाला हात लावताना पंखा आणि बेल्टपासून लांब. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, बोटं सांभाळा.)

पाणी वारंवार कमी होत असेल तर ते कुठे जातं ते शोधायचं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते दिसेल. पंपाला खालच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात. म्हणजे तो पंप बोलतोय. ते भोक बुजवणारे महाभाग असतात, त्यांना नमस्कार. हीटर असलेल्या गाडीत पायाखालची चटई ओली आणि गोडसर वास, तर हीटरची जाळी गळते.

बाहेर कुठेच डाग नाही आणि तरीही पाणी संपतंय, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतोय, इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येताहेत, ऑइल दुधाळ झालंय, रात्रभर उभ्या गाडीचा वरचा पाइप सकाळी टणक फुगलेला आहे... यातली दोन-तीन लक्षणं एकत्र आली तर मात्र हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. तेव्हा हेड खोलण्याला मी नाही म्हणणार नाही. माझा आक्षेप खर्चाला नाही, पुराव्याशिवाय दिलेल्या शिक्षेला आहे.

काही वेळा दोष थंड करणाऱ्या यंत्रणेत नसतोच. ब्रेक सुटत नसेल, इग्निशनचं टायमिंग मागे गेलं असेल, तरी इंजिन जास्त तापतं. आणि कधी कधी काटाच खोटं बोलतो. सगळ्यात फसवा प्रकार तर हा, की पाणी पार संपलं की मोजणाऱ्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही आणि तापलेल्या गाडीचा काटा उलट खाली येऊ शकतो. घाटात काटा लालवर जाऊन अचानक उतरला तर हुश्श करू नका, बाजूला घ्या.

आता माझ्या दोन ठाम मतांकडे येतो. यावर वाद घालायला माझी तयारी आहे.

पहिलं मत थर्मोस्टॅटचं. "आपल्याकडे थंडी कुठे पडते? काढून टाका," हा सल्ला देशभर दिला जातो. त्याला जुनं कारण आहे. नळाच्या पाण्यानं क्षार साठत, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकत, आणि नवा मिळणं मुश्कील असे. म्हणून तो काढण्याची रीत पडली. पण रीत आणि कारण यांत कारण गेलं तरी रीत राहते, हे इतिहासानं आपल्याला पुष्कळ शिकवलंय. थर्मोस्टॅट बाहेरच्या हवेसाठी नसतोच, इंजिनाच्या आतल्या तापमानासाठी असतो. तो काढला की इंजिन नीट तापायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त पितं, झीज जास्त होते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. त्यातून काही गाड्यांत थर्मोस्टॅटची मागची चकती आतल्या आडवाटेचं दारही बंद करते. अशा गाडीत तो काढला तर आडवाट उघडीच राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला भेटही न देता परत इंजिनात शिरतो. म्हणजे थंड करायला गेलो आणि घाटात जास्त तापवून बसलो!

शंका असेल तर तपासून बघा ना. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं टांगता सोडा, शेजारी थर्मामीटर (पण तापाचा नव्हे, तो ४२ अंशांपुढे जात नाही). पाणी तापत गेलं की कोरलेल्या आकड्याच्या आसपास तोंड उघडताना डोळ्यांनी दिसतं. नातवंडांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला नको.

दुसरं मत पाण्याचं. बोअरच्या पाण्यानं घरातल्या हंड्याला काय पुटं चढतात ते आपण बघतोच. तीच पुटं इंजिनाच्या आत चढतात, आणि ती धातूच्या मानानं उष्णता फारच कमी वाहून नेतात. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं आणि प्रमाणाचं. 'आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला' हा युक्तिवाद अर्धाच आहे. कूलंटनं उत्कलनबिंदू वर जातो आणि गंज रोखला जातो. तो गंजरोधक कालांतरानं संपतो, म्हणून ते बदलावंही लागतं. हिरवं-लाल रंगावरून जात ओळखू नये, रंग हा काही ठरलेला नियम नाही. वेगवेगळ्या जाती एकत्र करू नयेत. आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी : कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि जबर विषारी असतं. मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब.

रेडिएटरच्या झाकणाला आपण निव्वळ झाकण समजतो. तो खरं तर प्रेशर कुकरच्या शिट्टीचा भाऊ आहे. आत दाब धरून ठेवायचा म्हणजे पाणी उशिरा उकळतं. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळेल. झाकणाचं रबर चिरलं की हा फायदा गेला. मग समुद्रकाठी १०० अंशांना आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ अंशांनाच पाणी उसळायला लागतं. म्हणून स्वस्तातलं झाकण आधी तपासावं, महागाचा रेडिएटर नंतर. आणि यासाठीच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शिजत्या कुकरचं झाकण आपण उघडतो का?

आमच्या तरुणपणी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर हे नेहमीचं दृश्य होतं. डिकीत पाण्याचा डबा हा घरच्या शिदोरीइतकाच ठरलेला. त्या अँबेसेडरचा पंखा इंजिनाच्या बेल्टवर फिरे. इंजिन मंद तर पंखाही मंद, आणि बेल्ट ढिला तर पंखा आणि पंप दोघेही सुस्त. १९८३ साली मारुती ८०० आली आणि विजेचा पंखा घराघरांत पोचला. इंजिन कितीही मंद असो, तो आपल्या वेगानं फिरतो, पण फ्यूज, रिले आणि स्विच यांची मर्जी राखून. दोन्हींचं उत्पादन २०१४ साली थांबलं. जुनी गाडी म्हणजे एकच जात नव्हे, हे सांगायला हा तपशील दिला. बेल्टच्या पंख्यावर शिकलेला हात विजेच्या पंख्यावर चालवला की निदान चुकतं.

रस्त्यात गाडी तापलीच तर काय करावं, हे भाचेमंडळींसाठी. एसी बंद. हीटर असेल तर पूर्ण चालू, उकडलं तरी चालेल, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा खाली येत नसेल तर सुरक्षित जागा बघून थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हे वाक्य सर्वांत महाग. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून लोखंडी ब्लॉकवर बसलेलं हेड वाकतं आणि शंभर रुपयांच्या झाकणाचं काम हजारोंच्या घरात जातं. अर्धा-पाऊण तास, पाइप हाताला सोसवेल इतका गार होईपर्यंत, थांबायचं. मग जाड ओलं फडकं धरून झाकण सावकाश सोडायचं. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो. एरवी डोक्याच्या तापावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, तो उपाय इथे नाही!

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नवी घ्यावी. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावी. पण जुनं झालं, कुरकुरायला लागलं, की कारण न शोधताच मोडीत काढायचं, ही सवय मला गाडीपुरती वाटत नाही. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणून सोडून द्यायचं आणि त्याला फळा दिसत नाही हे कुणी विचारायचंच नाही, असं मी पुष्कळ पाहिलंय. घरातल्या म्हाताऱ्यांच्या कुरकुरीलाही 'वयामुळे' हे एकच निदान असतं. वय हे निदान नव्हे. वय झालेल्या गाडीतसुद्धा एका वेळी बहुधा एकच काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते सापडतं. सापडल्यावर खर्च झेपणारा नसेल तर खुशाल निरोप द्या, पण तो समजून-उमजून.

तेव्हा डिकीत पाण्याचा डबा असतो तशी गाडीत एक वही आणि पेन्सिल ठेवा. काटा हलला की तारीख, रस्ता, वेग, एसी चालू की बंद, पंख्याचा आवाज आला की नाही, एवढं लिहा. मिस्त्रीकडे गेल्यावर आधी ती वही पुढे करा. तुमच्या गाड्यांचे असे काही किस्से असतील तर मलाही कळवा, फक्त 'नेहमीच तापते' असं लिहू नका. त्याला गुण मिळणार नाहीत.